स्वतः छापलेली कादंबरी: ओळखीच्यांनी घेतली, आता पुढे काय?

अर्धविराम

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. थोडं रडगाणं आहे, सांभाळून घ्या.

चार वर्षं खपून एक कादंबरी लिहिली, साधारण ७० हजार शब्दांची. दोन प्रकाशकांनी सभ्यपणे नकार दिला आणि तिसऱ्याने काही कळवलंच नाही. चौथ्याला कादंबरी 'फार आवडली', पण त्यांना माझा आर्थिक सहभाग हवा होता. पैसे मीच घालायचे असतील तर हक्कही माझ्याकडेच राहू देत, असा विचार करून ॲमेझॉनच्या किंडलवर ई-बुक टाकलं आणि मागणीनुसार छपाईतून (ऑर्डर येईल तशी एकेक प्रत छापतात ती) कागदी प्रतही काढली.

पहिल्या पंधरा दिवसांत ६१ प्रती गेल्या. मी हवेत! मग एका रात्री शांतपणे बसून मोजलं. ज्यांनी पुस्तक हातात धरून फोटो पाठवले किंवा 'घेतलं गं' म्हणून निरोप पाठवला, ते सगळे मिळून ५४ निघाले. आते-मामे भावंडं, जुन्या ऑफिसातले, सोसायटीतले. त्यानंतरच्या दोन महिन्यांत गेल्या तीन प्रती.

फेसबुकवर रोज पोस्ट टाकते. आता सख्खा भाऊसुद्धा लाईक करत नाही. जाहिरातीवर पैसे घालून पाहिले. लोकांनी क्लिक केलं, पण घेतलं कोणीच नाही. आणखी कुठे जाहिरात करू, एवढंच विचारायचं आहे. पुस्तकाचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागाच जाहिरात ठरायचा.

उंटावरचा शहाणा

लिहिणारे उदंड झाले, वाचणारे तेवढेच राहिले. तीन प्रती गेल्या हेही नशीब समजा. त्या तिघांना शोधून चहा पाजा.

चौथी आवृत्ती

शहाणे, तुम्ही उंटावरच बसा.

अर्धविरामताई, मी स्वतः चार कादंबऱ्या काढल्या. त्यातल्या पहिल्या दोन साफ बुडाल्या, म्हणून बोलायचा अधिकार घेतो. तुमच्या पोस्टमधलं एक वाक्य महत्त्वाचं आहे: 'क्लिक केलं, पण घेतलं नाही.' म्हणजे जाहिरातीने तिचं काम केलं, माणूस दारापर्यंत आला. दारात त्याला काय दिसलं की तो परत फिरला? आणखी कुठे जाहिरात करू हा प्रश्नच चुकलाय. असेल ती जाहिरात आजच्या आज बंद करा.

दारात तीनच गोष्टी असतात. मुखपृष्ठ, वर्णन आणि फुकट चाळायला मिळणारी पानं. वर्णन इथे चिकटवा बघू.

आणि हो, रोज पोस्ट टाकणं थांबवा. भावाशी संबंध राहिले पाहिजेत.

अर्धविराम

हे घ्या. मलपृष्ठावरही हेच आहे:

'मानवी नात्यांच्या गुंतागुंतीचा, अपराधभावाच्या सावलीचा आणि काळाच्या पटावर उमटलेल्या पाऊलखुणांचा वेध घेणारी, वाचकाला अंतर्मुख करणारी एक हृद्य कादंबरी. सत्य म्हणजे काय? क्षमा म्हणजे काय? या चिरंतन प्रश्नांना भिडणारी.'

पानपलट

मी लेखक वगैरे नाही. आठवड्याला एक पुस्तक फस्त करणारी वाचक आहे. राग मानू नका, पण हा मजकूर माझ्या कपाटातल्या निम्म्या पुस्तकांच्या पाठीवर न बदलता चालेल. यातून मला गोष्टच कळत नाही. कोणाचं काय झालं? प्रवासात शेजारी बसलेल्या बाईला सांगाल तसं दोन ओळींत सांगा ना.

अर्धविराम

अं... न्यायालयातली एक लघुलेखिका आहे. तरुणपणी एका खुनाच्या खटल्यात साक्ष उतरवताना तिच्याकडून एक शब्द बदलला जातो. चुकून की मुद्दाम, हे तिचं तिलाही नीट सांगता येत नाही. त्या शब्दावर एकाला जन्मठेप होते. एकतीस वर्षांनी तो सुटतो आणि तिच्या समोरच्या घरात भाड्याने राहायला येतो. ती कोण हे त्याला माहीत नाही.

पानपलट

काय??? हे लपवून का ठेवलंत?

उंटावरचा शहाणा

मी उंटावरून उतरलो. लिंक द्या.

अर्धविराम

लपवलं नाही हो. मलपृष्ठावरच लिहिलं तर रहस्य फुटेल असं वाटलं.

चौथी आवृत्ती

इथेच आपण सगळे फसतो. रहस्य वेगळं आणि गोष्टीचं बीज वेगळं. तो समोर राहायला येतो हे बीज झालं. तिने ते मुद्दाम केलं का, त्याला कळतं का, पुढे काय होतं, हे रहस्य. बीज झाकून ठेवलंत तर रहस्यापर्यंत पोचायची कोणाला इच्छाच होणार नाही.

आता एक नावडता प्रश्न. तो माणूस समोर राहायला येतो ते कितव्या पानावर?

अर्धविराम

९४.

चौथी आवृत्ती

आणि एकूण पानं?

अर्धविराम

२८०. आधी तिचं बालपण आहे, लघुलेखन शिकते ते दिवस आहेत. कुठे चाललंय ते कळलं मला.

चौथी आवृत्ती

किंडलवर फुकट नमुना मिळतो तो पुस्तकाचा साधारण पहिला १० टक्के भाग. तुमच्या बाबतीत २८ पानं. आता त्या २८ पानांत काय काय आहे ते प्रामाणिकपणे लिहा.

अर्धविराम

मुखपृष्ठ, श्रेयपान, अर्पणपत्रिका, एका ज्येष्ठांची प्रस्तावना (७ पानं), माझं मनोगत (४ पानं), ऋणनिर्देश, अनुक्रमणिका. मग पहिलं प्रकरण, त्यात पाऊस. दुसरं सुरू होता होता नमुना संपतो.

हे असं यादी करून लिहिल्यावर फारच वाईट दिसतंय.

पानपलट

म्हणजे अनोळखी माणसाला तुमची गोष्ट भेटण्याआधी प्रस्तावनाकार भेटतात, मग तुमच्या आभारातली सगळी मंडळी, आणि मग पाऊस. मी तरी सातव्या पानावर परत गेले असते. प्रस्तावना मी वाचते, पण पुस्तक आवडलं तर. शेवटी.

चौथी आवृत्ती

कागदी पुस्तकात प्रस्तावना पुढे असली तरी चालून जातं. दुकानात उभा असलेला माणूस ती चार बोटांत धरून उलटतो. ई-बुकात मात्र प्रस्तावना, मनोगत, ऋणनिर्देश सगळं मागे टाका. श्रेयपान ठेवा, अर्पणपत्रिकेची एक ओळ ठेवा आणि थेट गोष्ट सुरू करा. प्रस्तावनाकारांना आधी फोन करा, नाहीतर नवीनच रुसवा व्हायचा.

९४व्या पानाचं काय ते तुम्हीच ठरवा. कादंबरी मोडून पुन्हा लिहा असं मी म्हणणार नाही. पण तो पेटी घेऊन समोरच्या घराचं कुलूप उघडतोय आणि ती खिडकीतून पाहतेय, एवढी दोन पानं सुरुवातीला आली तर? बालपण त्यानंतर वाचायला मी तयार आहे, कारण आता मला कारण मिळालंय.

रंगाचा डबा

मी मुखपृष्ठं करतो. ताईंनी व्यनितून (खाजगी निरोपातून) चित्र पाठवलं, त्यांच्या परवानगीने बोलतोय. मावळता सूर्य, एक निष्पर्ण झाड, पाठमोरी बाई. चित्र सुंदर आहे, पण कवितासंग्रहाचं आहे. न्यायालय, शब्द, अपराध यातलं काहीच त्यात नाही.

एक चाचणी करा. मुखपृष्ठ मोबाईलवर अंगठ्याच्या नखाएवढं करून बघा, कारण दुकानाच्या पानावर ते तेवढंच दिसणार आहे. तुमच्या शीर्षकाचा टाईप नाजूक आहे. एवढ्या आकारात बारीक शिरोरेघ विरून जाते आणि अक्षरं नुसत्या लोंबत्या रेघा होतात. देवनागरीला लहान आकारात जाड शिरोरेघ आणि मोकळ्या काना-मात्रा लागतात.

कागदी प्रतीसाठी आणखी एक. पुढचं, मागचं आणि कणा (पुस्तक कपाटात उभं ठेवल्यावर दिसते ती बाजू) मिळून एकच सलग पीडीएफ लागते. बाहेरच्या कडांना कापणीसाठी सुमारे ३ मिमी जास्तीचं चित्र सोडायचं, चित्रं ३०० डीपीआयची (इंचाला ३०० ठिपके). कण्याची रुंदी पानांच्या संख्येवर आणि कागदावर ठरते. केडीपीवर (ॲमेझॉनच्या स्वयंप्रकाशन सेवेवर) क्रीम कागद पांढऱ्यापेक्षा जाड असतो, त्यामुळे नंतर कागद बदललात तर कणाही पुन्हा मोजायचा. लोक हे विसरतात आणि मग शीर्षक कण्यावरून घसरून पुढच्या बाजूला डोकावतं.

खोडरबर

व्यवसायाने मुद्रितशोधक. अर्धविरामताईंनी लिंक पाठवली, नमुना उतरवून घेतला. विकत घेणार होतो, पण तिसऱ्या पानावर 'वर्ष'मधला रफार भलत्याच अक्षरावर बसलेला दिसला, पाचव्यावर 'दुसऱ्या'चे तीन तुकडे. ही शुद्धलेखनाची चूक नाही. ताई, तुम्ही मूळ मजकूर जुन्या फाँटमध्ये टंकून मग युनिकोडमध्ये (हल्लीच्या सगळ्या यंत्रांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) बदललात का?

अर्धविराम

हो! डीटीपीवाल्यांकडे जुनंच सॉफ्टवेअर होतं. कागदी प्रतीत सगळं नीट दिसतं. ई-बुकसाठी त्यांनीच बदलून दिलं.

खोडरबर

तेच झालंय. जुन्या फाँटमध्ये अक्षरं मुळात रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात, देवनागरी नुसती दिसते. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली, रफार नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो: वेलांटी व्यंजनानंतर, रफाराचा र् आधी. बदलणारं सॉफ्टवेअर हे उलटसुलट करताना काही ठिकाणी गडबडतं, आणि गडबड नेमकी जोडाक्षरांत होते. त्यामुळे बदललेली फाईल पहिल्या अक्षरापासून पुन्हा वाचण्याला पर्याय नाही.

जाता जाता: ई-बुकच्या फाईलमध्ये भाषा 'मराठी' अशीच नोंदवा. काही फाँट भाषा पाहून ल आणि श यांची मराठी वळणं देतात. नोंद हिंदी असेल तर हिंदी वळणं येतात. वाचकाला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं.

आणि कृपा करून स्वतःचं मुद्रितशोधन स्वतः करू नका. आपण काय लिहायचं ठरवलं होतं ते डोळ्याला पाठ असतं, तो तेच वाचतो. सुदैवाने ई-बुक आणि मागणीनुसार छपाई दोन्हीकडे फाईल बदलता येते. मुद्रणदोष दुरुस्त केले म्हणून नवीन आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख-क्रमांक) लागत नाही. मजकुरात मोठे फेरफार करून नवी आवृत्ती काढलीत तर लागतो.

झटपट_यश

एवढं कशाला? पन्नास पंचतारांकित अभिप्राय विकत मिळतात. नाहीतर लेखकांचे गट असतात, तू माझं चांगलं म्हण, मी तुझं म्हणतो. मी दोन पुस्तकांना असंच केलं. पुस्तक वर आलं की लोक आपोआप घेतात.

चौथी आवृत्ती

आणि तुमची ती दोन पुस्तकं आता कुठे आहेत?

ताई, हा रस्ता नकोच. विकत घेतलेले, अदलाबदलीचे किंवा घरच्यांनी लिहिलेले अभिप्राय ॲमेझॉनच्या नियमांत बसत नाहीत. ते काढले जातात, प्रसंगी खातंही जातं. अमेरिकेत तर खोट्या अभिप्रायांच्या खरेदी-विक्रीवर बंदी घालणारा सरकारी नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे. तुमच्या ५४ आप्तांनाही सांगा, प्रेम असेल तर मित्राला तोंडी सांगा, तारे देऊ नका.

आगाऊ प्रत फुकट देऊन 'प्रामाणिक मत लिहा' म्हणणं चालतं. मात्र चांगलंच लिहा अशी अट घालायची नाही.

उंटावरचा शहाणा

पण परंपरा जुनी आहे बरं का. अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमनने १८५५ मध्ये आपला कवितासंग्रह स्वखर्चाने काढला, काही पानांचे छपाईचे खिळेसुद्धा (धातूची अक्षरं) स्वतः जुळवले, आणि मग वर्तमानपत्रांत निनावी परीक्षणं लिहून स्वतःची तोंडभरून स्तुती केली. तेव्हाचा नामवंत लेखक इमर्सन, त्याने व्हिटमनला खाजगी पत्रात शाबासकी दिली होती. पठ्ठ्याने त्यातलं वाक्य न विचारता पुढच्या वर्षीच्या आवृत्तीच्या कण्यावर सोनेरी अक्षरांत छापलं!

चौथी आवृत्ती

आणि एवढं करूनही पहिल्या आवृत्तीचा फारसा खप झाला नाही, हे सांगायचं राहिलं तुमचं.

फर्मा सोळा

छापखान्यात आयुष्य गेलं. सगळे ऑनलाईनबद्दल बोलताय, कागदाबद्दल दोन शब्द.

माझी भाची कविता लिहिते. एका संस्थेचं पॅकेज घेतलं: संपादन, मुखपृष्ठ, पाचशे प्रती, प्रकाशन समारंभ, 'देशभर वितरण'. वितरण म्हणजे एका संकेतस्थळावर नाव टाकलं. प्रती आजही पलंगाखाली आहेत. संपादन म्हणाल तर कवितेतल्या ओळी सलग करून परिच्छेद पाडले होते. नंतर तिला दुसरीकडून छापायचं होतं, तर खुली (बदल करता येणारी) फाईल देईनात.

कोणालाही पैसे देण्याआधी लेखी विचारा. आयएसबीएन कोणाच्या नावावर? खुल्या फाईली आणि छपाईची पीडीएफ मला मिळणार का? करार मोडायचा तर कसा? उत्तर गोलमोल आलं की उठायचं. पैसे घेऊन काम करून देणं गैर नाही, मीही तेच केलं. पण छापणाऱ्याने स्वतःला प्रकाशक म्हणवायचं आणि कमाई वाचकाऐवजी लेखकाकडून करायची, हे वेगळं.

एक साधा हिशोब. ऑफसेटवर (एकदम मोठ्या संख्येने छापतात त्या यंत्रावर) प्रती जितक्या जास्त, तितकी एकेक प्रत स्वस्त, म्हणून लोक मोहाने हजार छापतात. मागणीनुसार छपाईत पहिली आणि हजारावी प्रत एकाच दराची, महाग, पण पलंगाखाली काही साठत नाही. अनोळखी वाचक येतायत याची खात्री होईपर्यंत दुसरा रस्ताच बरा.

अर्धविराम

काका, आयएसबीएन मी प्लॅटफॉर्मचा फुकट मिळाला तोच घेतला. चूक झाली का?

फर्मा सोळा

चूक नाही, मर्यादा आहे. फुकटचा आकडा त्यांच्याच छापील प्रतीपुरता, तो दुसऱ्या छापखान्यात चालणार नाही. स्वतःच्या प्रकाशन-नावाने काढायचं असेल तर आपल्या देशातल्या आयएसबीएन संस्थेकडून स्वतः घ्यायचा. काही देशांत तो मोफत मिळतो, काही ठिकाणी पैसे पडतात. आणि प्रत्येक स्वरूपाला वेगळा आकडा, कागदीचा ई-बुकला लावायचा नाही. किंडलला तर आयएसबीएन सक्तीचाही नाही.

पानपलट

ते आकडे राहू द्या. मला एक सांगा, तो बदललेला शब्द कोणता होता? आणि लघुलेखनात शब्द 'बदलला' कसा जातो?

अर्धविराम

शब्द सांगणार नाही, तेवढं तरी रहस्य राहू द्या! पण कसा ते सांगते. मी स्वतः तेवीस वर्षं लघुलेखक होते.

पिटमन पद्धत, १८३७ ची. तिच्यात प आणि ब यांची रेघ एकच, त्याच दिशेची, त्याच लांबीची. फक्त ब ची जाड. त आणि द, क आणि ग, तसंच. म्हणून आमच्या वेळी लवचीक टोकाच्या लेखण्या किंवा मऊ पेन्सिली वापरायचे. वेग वाढला की स्वरांची चिन्हं गाळायची आणि शब्द संदर्भाने ओळखायचा. म्हणजे संध्याकाळी वही उघडून टंकायला बसलं की एखादी रेघ जाड आहे की बारीक, हे ठरवणारं दुसरं कोणी नसतं. आपणच. एकाच्या वहीतली रेघ दुसऱ्याला वाचता येईलच असंही नाही. माझ्या कादंबरीतल्या बाईने एक रेघ जाड वाचली, एवढंच.

पानपलट

काटा आला अंगावर. 'एक रेघ जाड वाचली.'

रंगाचा डबा

झालं, मुखपृष्ठ मिळालं! पांढरा कागद, एक काळी रेघ, एका बाजूला बारीक होत जाणारी. नखाएवढं केलं तरी दिसेल. ताई, झाड काढा.

चौथी आवृत्ती

मी तुम्हाला 'वाचक कुठे शोधायचे' यावर मोठी पोस्ट लिहायला बसलो होतो, ती पुसली. वाचक इथेच सापडतायत. 'माझी कादंबरी घ्या' असं कितीही वेळा म्हटलंत तरी लोक पुढे सरकतात. वरचा परिच्छेद वाचून मात्र पानपलटबाईंच्या अंगावर काटा आला. असे दहा लेख तुमच्याकडे सहज असतील. वेगाची परीक्षा, साक्षीदार रडायला लागला की लिहिणारीने काय करायचं, गुप्ततेची शपथ. डिकन्स कादंबरीकार होण्याआधी लघुलेखन शिकून संसदेचा वार्ताहर होता, त्यावर एक. हे लेख लिहा, खाली एका ओळीत पुस्तकाचं नाव. वकील, निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, भाषेची आवड असणारे, गुन्हेकथा वाचणारे, असे वाचक तुमच्या ५४ मध्ये किती होते?

ई-बुकच्या शेवटच्या पानावर दोन गोष्टी घाला. अभिप्रायाची साधी विनंती, आणि पुढच्या पुस्तकाची खबर हवी असेल तर ईमेल नोंदवायचा दुवा. पुस्तक संपवून हळवा झालेला माणूस त्या क्षणी जे करेल ते दुसऱ्या दिवशी करणार नाही. समाजमाध्यमाचा नियम उद्या बदलेल, ईमेलची यादी तुमची राहते.

एक सावधगिरी: तुम्ही केडीपी सिलेक्टमध्ये आहात का?

अर्धविराम

हो, टिक केलं होतं. काय होतं ते नीट वाचलं नाही.

चौथी आवृत्ती

९० दिवसांचा करार आहे आणि आपोआप पुढे चालू राहतो. त्या काळात ई-बुक दुसऱ्या दुकानांत विकता येत नाही, स्वतःच्या ब्लॉगवरसुद्धा टाकता येत नाही, नमुन्यादाखल १० टक्क्यांपर्यंत सोडून. कागदी प्रत कुठेही विका. बदल्यात किंडल अनलिमिटेडच्या (वर्गणी भरून वाचायच्या योजनेच्या) सभासदांनी वाचलेल्या पानांप्रमाणे पैसे मिळतात आणि दर ९० दिवसांत पाच दिवस पुस्तक फुकट ठेवता येतं. वाईट सौदा नाही. पण प्रकरणं कुठे टाकली असतील तर आधी काढा.

अर्धविराम

सहा प्रकरणं टाकली आहेत ब्लॉगवर. आत्ता काढते.

अर्धविराम

सात आठवड्यांनी धागा वर काढतेय. हिशोब द्यायला हवा.

खोडरबर यांच्या ओळखीच्या एका बाईंनी पूर्ण फाईल वाचली, ४१२ चुका निघाल्या. मी झोपले नाही दोन दिवस. प्रस्तावना मागे गेली. फोन केला तर ज्येष्ठ म्हणाले, 'अहो, मी तर म्हणणार होतो की काढूनच टाका.' सुरुवातीला खिडकीची दोन पानं आली. नवं मुखपृष्ठ रंगाचा डबा यांनी केलं. लघुलेखनावर चार लेख लिहिले, तिसरा बराच फिरला.

गेल्या तीन आठवड्यांत १९ प्रती. आकडा काही फार नाही. पण एकानेही पुस्तक हातात धरून फोटो पाठवलेला नाही!

एक त्रितारांकित अभिप्रायही आला. 'मधला भाग रेंगाळतो, शेवट मात्र दोनदा वाचला.' उत्तर द्यायला हात शिवशिवतोय.

चौथी आवृत्ती

हात खिशात. अभिप्रायाला उत्तर द्यायचं नाही, आभारसुद्धा नाही. शेवट दोनदा वाचलाय ना, बास.

अर्धविराम

बरं. आता मलपृष्ठाचा नवा मजकूर, शेवटचं बघून घ्या:

'एकतीस वर्षांपूर्वी न्यायालयातल्या एका लघुलेखिकेने एक रेघ जाड वाचली. त्या रेघेवर एका माणसाला जन्मठेप झाली. आज तो सुटून तिच्या समोरच्या घरात राहायला आलाय. रोज सकाळी तो तीला नमस्कार करतो.'

पानपलट

शेवटची ओळ! मी घेतली. फोटो पाठवणार नाही.

खोडरबर

'तीला' नाही, 'तिला'. पहिली वेलांटी. फाईल चढवण्याआधी दुरुस्त करा.

अर्धविराम

चढवून झाली हो.